मी अडकले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी आहे. दोर जिच्यावरून सरकतो आणि ओझे वर चढते, ती मी. माझ्या पोटात खोबणीचे चाक आहे, दोन्ही बाजूंना लोखंडी गाल आहेत आणि डोक्यावर टांगण्यासाठी आकडा आहे. दोराच्या एका टोकाला ओझे असते, दुसऱ्या टोकाला माणूस. मधल्या मध्ये मी फिरते. एवढेच माझे काम, आणि त्यात मी आजवर कुणाला दगा दिलेला नाही.

तुमच्या पुस्तकांत फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या आपली कहाणी सांगतात, थोडे रडतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. त्यांचे मन मोठे असेल. माझ्यावर आळ आला होता. ज्याने तो घेतला त्याच्यावर मी डूख धरला, आणि तो अजून सोडलेला नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी तुमची निराशा व्हायला नको.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला गेला आणि मी झाले. मग लेथवरच्या एका तिरसट कारागिराने माझे चाक घासले. तो प्रत्येक कप्पी कानाजवळ धरून फिरवायचा. जरा खरखर ऐकू आली की ती पुन्हा भट्टीत. मला त्याने फिरवले, कान दिला आणि काही न बोलता बाजूला ठेवले. त्याच्या लेखी हीच शाबासकी होती.

लोखंडी सामानाच्या दुकानात कड्या-कोयंड्यांच्या शेजारी मी काही दिवस लटकले. तिथून मला पेंटरने नेले. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि उंच भिंतींवरच्या जाहिराती रंगवणारा माणूस. चार मजले उंच लाकडी झोपाळ्यावर बसून तो अक्षरे काढायचा, आणि मी त्याचे रंगाचे डबे वर पोचवायचे. त्याची अक्षरे अशी ताठ आणि गोल असत की रस्त्याने जाणारी माणसे गरज नसताना पाटी वाचत. काम संपले की तो मला रॉकेलने पुसायचा, ग्रीस लावायचा आणि बोटाने एकदा फिरवायचा. "माझी कप्पी म्हणजे सोनं आहे, सोनं," असे तो गवंड्यांना सांगायचा. मी लोखंडाची आहे हे त्याला ठाऊक होते. तरी म्हणायचा.

पेंटरला रेडिओचा नाद होता. गाणी ऐकायचा नव्हे. आपला आवाज पाठवायचा आणि दुसऱ्याचा पकडायचा. असा नाद असलेल्या लोकांना हौशी रेडिओवाले म्हणतात. हा नाद त्याला लावला त्याच्या साडूने. पेंटरची बायको थोरली बहीण आणि साडूची बायको धाकटी. मीही त्या दोघींना थोरली आणि धाकटीच म्हणते. थोरलीचे ताडपत्र्या शिवायचे दुकान होते. ट्रकवर टाकायच्या जाडजूड ताडपत्र्या ती दाभणाने शिवायची, त्यांना कड्या ठोकायची, दोर ओवायची. तिचे हात पाहिले की तिच्याशी कुणी फार हुज्जत घालत नसे.

साडूचे टायरचे दुकान होते आणि गावातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. सगळे त्याला अहो-जाहो करायचे. मी करणार नाही. आवाज मात्र त्याचा गोड होता, हे मान्य करते. तो माईकसमोर बसला की समोरच्याला वाटायचे, याने आपल्याशी बोलतच राहावे. त्यालाही तसेच वाटायचे.

मंडळाने गावामागच्या टेकडीवर टॉवर उभा केला. त्यावर रिपीटर बसवायचा होता. मित्रांनो, टेकडीच्या अलीकडच्या माणसाचा आवाज पलीकडे पोचत नाही. टेकडी मध्ये येते. रिपीटर टेकडीवर बसून एका बाजूचा बारीक आवाज ऐकतो आणि तोच जोरात दोन्ही बाजूंना बोलून दाखवतो. त्याला दोन अँटेना लागतात. एक ऐकणारी, एक बोलणारी. ऐकणारी अगदी वर बसवतात आणि बोलणारी खाली. माणसांच्या मंडळात नेमके उलट असते.

टॉवरवर चढणार कोण? उंचीची सवय एकट्या पेंटरला. तो कमरेला पट्टा बांधून चढला आणि मला टॉवरच्या शेंड्याला अडकवले. इतकी उंच मी कधी गेले नव्हते. गाव एका नजरेत मावत होते. वारा होता, पण बेताचा.

खाली अध्यक्ष आणि मंडळातले चौघे-पाच जण. ऐकणारी अँटेना म्हणजे एक लांब नळी आणि तिला चार मोठी कडी. तिला दोर बांधला, सगळ्यांनी ओढला आणि ती वर आली. आता पेंटरने तिचा बुडखा टॉवरवरच्या लोखंडी पट्ट्यात बसवायचा आणि नट आवळायचे. तोवर खालच्यांनी दोर धरून उभे राहायचे, एवढेच काम उरले. बेकरीवाला, जो मंडळात सगळ्यांत सावध होता, म्हणाला, "दोराला टॉवरच्या पायाभोवती दोन वेढे देऊ या. म्हणजे हाताला भार नको."

"अरे, मी आहे ना!" अध्यक्ष म्हणाला. "तुम्ही केबल उलगडा जा. उगाच वेळ घालवू नका."

सगळे केबलच्या भेंडोळ्याकडे गेले. टॉवरकडे त्यांची पाठ झाली. दोर एकट्या अध्यक्षाच्या हातात राहिला.

शेजारीच झाडाखाली घडीच्या टेबलावर त्याचा लांबच्या देशांशी बोलायचा रेडिओ चालू होता. सकाळपासून तो अधूनमधून हाक घालत होता आणि कुणी ओ देत नव्हते. नेमका आता ओ आला. समुद्रापलीकडून, खरखरीतून, कुणीतरी त्याला हाक मारत होते. असा दूरचा आवाज क्वचित लाभतो आणि लगेच विरतो. अध्यक्षाने एकदा वर पाहिले, एकदा टेबलाकडे पाहिले. मग एका हाताने दोर धरून दुसरा हात माईककडे लांबवला. हात पुरेना. तो आणखी वाकला.

आणि त्याने दोर सोडला.

मी वरून पाहिले. डोळ्यांनी नव्हे, पण दोराच्या टोकाला हात आहे की नाही हे माझ्याइतके कुणाला कळणार? दोर माझ्यावरून असा पळाला की माझे चाक तापून निघाले. अँटेना सरकन खाली घसरली. पेंटरचा उजवा हात त्या लोखंडी पट्ट्यात होता. नळीवरचा लोखंडी आडवा तुकडा त्या हातावर आला आणि हात टॉवरच्या सांगाड्यावर चिरडला. मग ती कलंडली आणि खाली दगडांवर पडून तिची चारी कडी वाकली. पेंटर ओरडला नाही. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. तो मी अजून ऐकते.

खाली सगळे धावत आले, तेव्हा अध्यक्ष दोन्ही हात वर करून उभा होता.

"कप्पी अडकली!" तो ओरडला. "अडकली आणि एकदम सुटली! दोर हिसकला हातातून! मी काय करणार?"

मित्रांनो, जरा विचार करा. अडकलेली कप्पी फिरत नाही. जी फिरत नाही ती दोराला आवळून धरते, ओझे वरच राहते. मी अडकले असते तर पेंटरचा हात वाचला असता! पण त्या गडबडीत हा विचार कोण करणार? चोर सोडून संन्याशाला सुळी. पेंटरला खाली उतरवेपर्यंत ऊन उतरले. मी शेंड्यावर तशीच राहिले, तापलेली, आणि सगळे जण खालून माझ्याकडे बोट दाखवत होते.

दवाखान्यात पेंटरचा हात वाचला, बोटे वाचली नाहीत. म्हणजे जागेवर राहिली, पण दोन वळेनात आणि बाकीच्यांना ब्रश पेलेना. अध्यक्ष रोज भेटायला जायचा. पहिल्याच दिवशी थोरलीसमोर हात जोडून म्हणाला, "ताई, त्या मेल्या कप्पीने घात केला हो."

थोरलीने त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. दोर हातातून हिसकला की तळव्याचे काय होते, हे ताडपत्री शिवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. कातडे सोलून निघते. अध्यक्षाचे तळवे कोवळ्या पानासारखे होते. हे तिने पुढे बहिणीला सांगितले तेव्हा मी ऐकले.

पुढे मंडळाने बाहेरगावचा माणूस आणून अँटेना बसवून घेतल्या, मला टॉवरवरून काढले आणि वाकड्या खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात फेकले. डब्यावर अध्यक्षाने खडूने 'भंगार' असे लिहिले. पेंटरचा पट्टा न्यायला थोरली आली, तेव्हा तिने डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढले. पदराने पुसले. मग बोटाने फिरवले. मी फिरले. कसलीही खरखर न करता, कितीतरी वेळ फिरत राहिले. एवढी जोरात मी आयुष्यात कधी फिरले नसेन. मला तोंड नव्हते, मित्रांनो. माझी साक्ष तेवढीच होती.

"अस्सं," थोरली म्हणाली आणि मला पिशवीत टाकले.

तिने मला दुकानात गल्ल्याच्या वर, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असे टांगले. दुसऱ्याच आठवड्यात धाकटी आली. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे कशाला लावलंस इथे?"

"दुकान माझं आहे. भिंत माझी आहे."

"त्यांना झोप लागत नाही गं."

"माझ्या घरात एकाला जेवता येत नाही उजव्या हाताने."

धाकटी रडायला लागली. "विसर ना आता. झालं ते झालं."

"विसरेन की," थोरली म्हणाली. दाभण ताडपत्रीत घुसवून तिने पलीकडून ओढला. "तुझ्या नवऱ्याने चारचौघांत सांगितलं ना, काय झालं ते, की त्याच दिवशी विसरेन."

पेंटर डाव्या हाताने लिहायला शिकला. पण त्याची अक्षरे एका बाजूला कलायची, वाऱ्यात चालणाऱ्या माणसांसारखी. लोकांनी आधी हळहळून कामे दिली, मग दुसरा पेंटर शोधला. तो दुकानात बसून डाव्या हाताने ताडपत्रीला कड्या ठोकू लागला. थोरलीने त्याला सगळे सांगितले तेव्हा तो बराच वेळ ठोकतच राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे." त्याचे हे 'जाऊ दे' मला कधी पटले नाही. त्याचे एक वेळ ठीक आहे. माझ्यावरचा आळ 'जाऊ दे' म्हणायचा हक्क त्याला कुणी दिला?

एकदा अध्यक्ष स्वतः दुकानात आला. टायरच्या थप्पीवर टाकायला ताडपत्री हवी होती. तो मापे सांगत होता आणि थोरली ऐकत होती. ऐकता ऐकता तिने हात वर केला आणि मला बोटाने फिरवले. मी फिरू लागले. तिची नजर माझ्याकडे नव्हती, त्याच्या तळव्यांकडे होती. अध्यक्षाने हात खिशात घातले. मापे सांगताना त्याची लांबी चुकली, मग रुंदी चुकली, मग तो "नंतर येतो" म्हणून गेला. नंतर आला नाही. माणूस पाठवू लागला. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

त्याची मुलगी मात्र येत राहिली. लहानपणापासून ती मावशीकडे पडलेली असायची. दुकानातल्या मांडणीवर सरसर चढून अगदी वरच्या गठ्ठ्यावर बसायची, म्हणून पेंटरने तिला 'खार' नाव ठेवले. मावशीने तिला गाठी शिकवल्या, दोर कसा पारखायचा ते शिकवले. पेंटरने जमिनीवर बसून तिला चढणे शिकवले: "दोन पाय आणि एक हात कायम लोखंडावर. चौथा तेवढा कामाला." खार मोठी झाली आणि टॉवरवर चढून कामे करणे हाच तिने धंदा केला. थोरलीने तिला हे सगळे मायेने शिकवले की मनात आणखी काही ठेवून, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. माया आणि डूख एकाच मडक्यात शिजू शकतात, हे मी त्या दुकानात पाहिले.

खारीला घरी कप्पीचीच गोष्ट सांगितलेली होती. एकदा तिने माझ्याकडे बोट दाखवले. "मावशी, ही तीच ना? मग ठेवलीस कशाला?"

"साक्षीला," मावशी म्हणाली. खारीने मला हातात घेऊन फिरवले, भुवया उंचावल्या, पण पुढे विचारले नाही.

वर्षे गेली. मग एका वादळात टेकडीवरच्या दोन्ही अँटेना मोडल्या. रिपीटर मुका झाला. रस्ते बंद होते, फोन बंद होते, आणि पलीकडच्या वस्तीतल्या एका बाळंतिणीची खबर द्यायला माणसाला टेकडी ओलांडून चालत यावे लागले. लोक मंडळावर चिडले. अध्यक्ष अजून तोच होता. त्याने नव्या अँटेना आणवल्या. चढणार कोण, हा प्रश्न या वेळी नव्हता; खार होती. बापाची मान अभिमानाने ताठ झाली होती आणि तोंडचे पाणी पळाले होते.

टॉवरखाली सगळे जमले. पेंटरही आला. अँटेना वर जाताना टॉवरवर आपटू नये म्हणून तिला बाजूने एक दोर बांधतात. तो त्याने डाव्या हातात घेतला. खारीने पिशवीतून मला काढले.

"ही?" अध्यक्ष दचकला. "अगं, ही अडकते!"

"मी तपासलीय, बाबा. हिच्याइतकी हलकी फिरणारी माझ्याकडे एक नाही."

"नको. दुसरी लाव. मी सांगतोय ना!"

"तुम्हाला भरवसा नसेल," थोरली मध्ये म्हणाली, "तर दोर तुम्हीच धरा, भाऊजी. वर ज्याचं माणूस आहे त्यानेच धरावा."

बेकरीवाल्याने मान डोलावली. बाकीच्यांनीही. चारचौघांत मुलीसाठी दोर धरायला नाही कोण म्हणेल? अध्यक्षाने दोर हातात घेतला.

मी पुन्हा शेंड्यावर गेले. खार माझ्या बाजूला, कमरेच्या पट्ट्याने टॉवरला बांधलेली. ऐकणारी अँटेना वर आली आणि तिचा बुडखा खारीने पट्ट्यात घातला. हात आत. तोच पट्टा, तशीच नळी. मला खालचे सगळे दिसत होते. सगळ्यांना केबलकडे पाठवणारी या वेळी थोरली होती. अध्यक्ष दोन्ही हातांनी दोर धरून, टाचा रोवून, वर बघत उभा होता. आणि थोरली त्याच्या पाठीमागे होती. त्याला न दिसणारे एक काम तिने केले होते. दोराचे मोकळे टोक तिने टॉवरच्या मागच्या पायाला वेढे देऊन बांधले होते, आणि तो जसजसा ओढत होता तसतशी ती ढील काढून घेत होती. त्याने हात सोडले असते तरी अँटेना तसूभर हलली नसती. हे मला ठाऊक होते, तिला ठाऊक होते. त्याला नव्हते.

काम चालू असताना रिपीटर बंद राहू नये म्हणून खालच्या खोलीच्या छपरावर अँटेना म्हणून दोन छोट्या काठ्या लावून तो चालू ठेवला होता. दोन्ही बाजूंची माणसे ऐकत होती. रेडिओवरून कुणीतरी हाक मारली, "अध्यक्षसाहेब, कुठवर आलं काम? बोला की जरा!"

"सांगा त्यांना, हात मोकळे नाहीत," अध्यक्ष म्हणाला.

थोरलीने हातात मावणारा छोटा रेडिओ संच घेतला आणि त्याच्यासमोर आली. "हात मोकळे नाहीत म्हणून तुम्ही बोलायचं थांबलात? मागे नव्हता थांबलात."

त्याने वर मुलीकडे पाहिले. "ताई, पोरगी वर आहे."

"माझा नवरा वर होता."

"ताई, हात घसरतायत माझे. कुणालातरी बोलवा."

"मी बटण दाबते, तुम्ही दोर धरा," थोरली म्हणाली आणि संच त्याच्या तोंडापाशी नेला. "आज दोन्ही होऊ दे. कप्पी अडकली होती?"

वारा थांबला नव्हता, पण मला अध्यक्षाच्या श्वासापलीकडे काही ऐकू येईना. दोर माझ्या खोबणीत थरथरत होता. मित्रांनो, मला दया आली नाही. मी वाट पाहत होते.

"नव्हती," अध्यक्ष म्हणाला.

"मोठ्याने."

"कप्पी अडकली नव्हती!" त्याचा तो गोड आवाज फाटला. "ती बरी होती. बाहेरून हाक आली होती, मी माईक घ्यायला गेलो. दोर मी सोडला. त्याचा हात माझ्यामुळे गेला. मी... माझ्यामुळे गेला."

रिपीटरने नेहमीप्रमाणे काम केले. ऐकलेले सगळे टेकडीच्या दोन्ही बाजूंना बोलून दाखवले. मी अडकले नव्हते, हे त्या दिवशी गावाने ऐकले, वस्त्यांनी ऐकले. केबलवाल्यांनी केबल खाली ठेवली. आणि माझ्या बाजूला, खारीच्या छातीवर बांधलेल्या संचातूनही तेच शब्द बाहेर आले.

तिचा हात पट्ट्यात होता. तो तसाच राहिला. मग तिने संचाचे बटण दाबले.

"बाबा, दोर धरून ठेवा. अजून दोन नट बाकी आहेत."

बस, एवढेच. तिने ते दोन नट आवळले. एरवी जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त लावला. प्रत्येक नट आवळून झाल्यावर पुन्हा तपासला. अध्यक्ष खाली रडत होता आणि नाक पुसायला त्याच्याकडे हात नव्हता.

पेंटर आपला दोर बेकरीवाल्याच्या हाती देऊन साडूपाशी गेला. मला वाटले, झाले, आता हा 'जाऊ दे' म्हणणार. तो म्हणाला, "हलू नकोस. पोर उतरेपर्यंत हलायचं नाही." इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

दोन्ही अँटेना बसल्यावर खार खाली आली. बापाने दोर सोडला तेव्हा त्याची बोटे उघडेनात आणि तळव्यांवर फोड आले होते. ती त्याच्याकडे न बघता मावशीसमोर उभी राहिली.

"माझा हात आत होता, मावशी."

थोरलीने तिला मागच्या पायाचे वेढे दाखवले. खारीने गाठ ओढून पाहिली. पक्की होती, तिलाच शिकवलेली.

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू चढली नसतीस."

"हो. म्हणूनच सांगायचं होतंस."

थोरली वेढे सोडायला वाकली. जिंकलेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "पोरीचा आवाज कानात बसलाय." पण आपले चुकले असे ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणणार नाही.

अध्यक्षाने अध्यक्षपद सोडले. बेकरीवाला अध्यक्ष झाला. धाकटीने बहिणीशी बरेच दिवस बोलणे टाकले आणि मग एक दिवस काही न सांगता येऊन ताडपत्री शिवायला बसली. साडू पेंटरकडे माफी मागायला आला. पेंटरने त्याला बसवले, चहा दिला आणि म्हणाला, "त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी हसून सोडून दिलं असतं रे. आता बस, चहा पी. पण हसायला सांगू नकोस."

माझी माफी कुणी मागितली नाही. लोखंडाची कोण मागतो?

खार पुष्कळ दिवस दुकानात फिरकली नाही. मग एकदा आली, भिंतीवरून मला काढले आणि "ही माझी" एवढे म्हणून घेऊन गेली. आता मी तिच्या पिशवीत असते. गावोगावचे टॉवर चढते. तिचा बाप कधीकधी मागोमाग येतो, हातमोजे घालून, दोराजवळ उभा राहतो. ती त्याच्यावर ओरडत नाही. पाट मांडावा तशी घडीची खुर्ची मांडते, त्याच्या हातात माईक देते आणि म्हणते, "बाबा, तुम्ही इथे बसा. तुम्ही बोला. दोर दुसरे धरतील."

तो बसतो. माईक मांडीवर ठेवतो. लोक हाका मारतात, दूरदूरचे, कधी समुद्रापलीकडचे सुद्धा. त्याला बोलायला काही सुचत नाही. शेंड्यावरून मला त्याचे टक्कल दिसते. कधी वाटते, म्हातारा झाला बिचारा. मग दोर हलतो, मला फिरावे लागते आणि ते वाटणे निघून जाते.

मित्रांनो, वेळच्या वेळी तेल द्या, पावसात टाकू नका, हे तर आम्ही सगळ्याच वस्तू सांगतो. माझे मागणे थोडे निराळे आहे. पेनानेच शाई सांडली, घड्याळ वाजलेच नाही, सायकलचा ब्रेकच लागला नाही, असे तुम्ही आईला नाहीतर मास्तरांना सांगाल, तेव्हा ते पेन तुमच्याच खिशात असेल. ते घड्याळ तुमच्याच उशाशी असेल. त्यांना बोलता येत नाही, हे खरे आहे. पण ती सगळी तिथेच असतात, आणि त्यांना कसलीही घाई नसते.